लिनक्सवर ड्रॉइंग टॅबलेटचा पेन चालतो, पण रेघ एकाच जाडीची: माझा अनुभव
आधी टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) चालवून पाहा. टॅबलेटचं नाव मधूनच गायब होत असेल, तर दोष जोडणीत. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत केबलच्या पिनांवर हिरवट थर चढतो. केबल काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या.

नाव टिकतं, पण पेनचा दाब मिळत नाही? टॅबलेट चालवणारा ओपनटॅबलेटड्रायव्हर वापरत असाल, तर बहुतेक वेळा घोळ आउटपुट मोडमध्ये असतो. ‘ॲब्सोल्यूट मोड’मध्ये लिनक्सला पेन म्हणजे निव्वळ माउस वाटतो, दाब क्रितापर्यंत (चित्र काढायच्या ॲपपर्यंत) पोचतच नाही. ‘आर्टिस्ट मोड’ निवडा, अप्लाय आणि सेव्ह दोन्ही दाबा, क्रिता बंद करून पुन्हा उघडा. मग तिथल्या टॅबलेट टेस्टरमध्ये रेघ ओढा: दाबाचा आकडा बदलायलाच हवा. आकडा बदलतो, तरी रेघ तशीच असेल, तर ब्रशच्या ‘साइज’मध्ये ‘प्रेशर’वर टिक करा.