प्रथम वर्षाच्या मदतवर्गाची तयारी: आधी एसटीच्या वेळा

दीक्षारंभ (नव्या मुलांची ओळख-स्वागताची सुरुवात), मार्गदर्शक गट, मदतवर्ग, यातलं काहीही आखण्याआधी एसटी स्टँडवर जा आणि गाड्यांच्या वेळा लिहून आणा. मागच्या वर्षी आमचं नेमकं हेच राहिलं. इंग्रजीचा मदतवर्ग साडेचारला ठेवला, आणि ज्यांच्यासाठी ठेवला ती मुलं त्या वेळी परतीच्या गाडीत बसलेली. म्हणून हे काम जूनमध्येच उरकायचं. भिंतीवरचं वेळापत्रक उतरवून आणू नका, त्यातल्या सगळ्या फेऱ्या धावतातच असं नाही. वाहतूक नियंत्रकाला विचारा, आणि मग त्याच मार्गावरच्या द्वितीय वर्षाच्या दोन मुलांकडून खात्री करून घ्या.

प्रवेश होत जातील तशी एक वही भरायची: नाव, गाव, फाटा, फाट्यापासून गावापर्यंत पायी किती, सकाळची पहिली गाडी, परतीची शेवटची गाडी, वाटेत नाला आहे का. शेवटची गाडी म्हणून मुक्कामी गाडी लिहू नका. ती रात्री पोचते, आणि फाट्यावरून अंधारात चालत घरी गेलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी घरचे कॉलेजात पाठवतीलच असं नाही. मदतवर्ग मुख्य वेळापत्रकाच्या पोटात बसवा, दोन तासिकांच्या मध्ये. सुटल्यानंतर ठेवायचाच असेल तर तो शेवटच्या गाडीच्या अर्धा तास आधी संपला पाहिजे. ‘थोडं थांबतील मुलं’ असं कोणी म्हणालं तर त्याच्यासमोर वही ठेवा.

आता पास. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट मिळतो, पदवीच्या पहिल्या वर्षाला तो बंद होतो. घरात हे कोणाला माहीत नसतं, आणि पहिल्याच महिन्यात पैशाचा प्रश्न उभा राहतो. विद्यार्थी पासाला भाड्याच्या साधारण एक तृतीयांश भरावे लागतात. महिलांना अर्धं तिकीट आहेच, पण रोज येणारीला पासच परवडतो, हे आकडा मांडून दाखवा. कॉलेजने विद्यार्थ्यांची यादी आगारप्रमुखांकडे आधीच दिली तर पास कॉलेजातच मिळण्याची सोय होऊ शकते, नाहीतर खिडकीशी रांगेत मुलांचे दिवस जातात. यादी प्रवेश संपायची वाट न पाहता टप्प्याटप्प्याने द्या.

मार्गदर्शक गट हजेरी क्रमांकाने पाडू नका, मार्गाने पाडा. एका गटात वीसच्या आसपास मुलं, सगळी एकाच रस्त्यावरच्या गावांची, सोबत त्याच गाडीने येणारा द्वितीय वर्षाचा एक दादा नाहीतर ताई. कोण तीन दिवस दिसलं नाही हे हजेरीपटाच्या आधी गाडीत कळतं. मार्गदर्शक म्हणून फक्त सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकांवर भार टाकू नका. त्यांच्या नेमणुका बरेचदा सत्र सुरू झाल्यावर होतात, आणि पहिले सहा आठवडेच तर सगळ्यात नाजूक असतात. प्रत्येक मुलाचे दोन फोन नंबर घ्या, एक घरचा, एक शेजाऱ्याचा. मुलांचं सिम सारखं बदलतं.

कागदपत्रं: दाखला, गुणपत्रिका, जात, उत्पन्न, रहिवासी, हे सगळ्यांना माहीत आहे. अडतं ते दोन ठिकाणी. आधारवरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही, आणि मग महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) आणि अपार (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक) दोन्हीकडे गाडं थांबतं. ते जुलैतच दुरुस्त करायला पाठवा. दुसरं, बँक खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि त्या खात्याचं डीबीटीसाठी सीडिंग झालेलं असणं, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात यावेत अशी नोंद असणं, वेगळं. दोन-तीन खाती असतील तर पैसे शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातात, आणि मूल भलतंच पासबुक भरून आणत बसतं. संगणक कक्षात एकेकाला बसवून स्थिती तपासा. तोंडी विचारलं तर सगळे ‘हो, लिंक आहे’ म्हणतात.

अभ्यासाचं. पहिल्या आठवड्यात एका पानाची चाचणी: आपल्या गावावर मराठीत दहा ओळी, इंग्रजीच्या एका उताऱ्यात न कळलेल्या शब्दांखाली रेघ, टक्केवारीची दोन गणितं. गुण जाहीर करू नका. दहा ओळी वऱ्हाडी किंवा झाडी बोलीत आल्या तर लाल शाई लावू नका, मुलगा लिहितो आहे हेच हवं आहे. मेळघाटातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कोरकू असते, त्यांच्यासाठी मराठीही शिकलेलीच भाषा. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) फळ्यावर काढून समजवा. अंतर्गत गुण म्हणजे काय हे तीनदा सांगा. बारावीच्या सवयीने मुलं परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर धरून चालतात आणि पहिलं सत्र हातचं जातं.

चाचण्यांच्या तारखा शेतीकडे पाहून ठरवा. सोयाबीन सोंगणीला आणि कापूस वेचणीला मुलं घरी लागतात, गोंदिया-भंडारा-गडचिरोलीकडे रोवणीला. त्या दिवसांतली गैरहजेरी म्हणजे बेफिकिरी नव्हे. नोट्सची एक प्रत गटातल्या दादा-ताईच्या हाती गावात पाठवा. पोळा आणि तान्हा पोळा सोडूनच तारीख द्या.

गाड्यांच्या वेळा दर महिन्याला पुन्हा विचारा. बदलतात. वही दुरुस्त करा आणि मदतवर्गाची वेळही लगेच हलवा.

दुसऱ्या सत्रासाठी: निकाल लागला की एटीकेटीवाल्यांना, म्हणजे विषय राहूनही पुढच्या सत्रात गेलेल्यांना, आठवड्याच्या आत बोलवा, परीक्षा अर्जाची तारीख गटावर टाका, पास नव्याने काढायला लावा. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की पत्रासोबत आगारात द्या. शाळांना सुट्ट्या लागल्या की शाळेसाठी सुटणाऱ्या फेऱ्या बंद होतात, आणि पेपर नेमके त्याच दिवसांत येऊ शकतात. पत्राची पोच घ्या.