कबुतर जाळीवाल्याची साइट गुगलवर वर कशी आणायची: कीवर्ड आणि मेटा टॅग

घोडबंदर रोडला कुठल्याही टॉवरखाली उभं राहून वर बघा, बाल्कनी-बाल्कनीला जाळी. कबुतरांच्या कृपेने ठाण्यात आणि नवी मुंबईत जाळ्या बसवणाऱ्यांचा धंदा जोरात चाललाय, बऱ्याच जणांनी वेबसाइट पण करून घेतल्यात, फक्त त्या गुगलवर कोणाला सापडत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकांच्या साइटवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय 'प्रीमियम बर्ड नेटिंग सोल्युशन्स'. आता मला सांगा, वाघबीळला राहणारी बाई, जिच्या एसीच्या आउटडोअर युनिटमागे कबुतराने अंडी घातलीयेत, ती मोबाईलवर हे टाइप करेल का? ती लिहिणार 'कबुतर जाळी ठाणे', नाहीतर 'पिजन नेट निअर मी'. गिऱ्हाईक जे शब्द टाइप करतं, म्हणजेच कीवर्ड, ते तुमच्या पानावर असले पाहिजेत, एवढंच काम आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मेटा टॅग म्हणजे पानाच्या कोडमध्ये, गुगल आणि ब्राउझरसाठी लिहिलेली माहितीची ओळ. त्यातला मेटा कीवर्ड नावाचा एक टॅग असतो, त्यात स्वल्पविराम देऊन पन्नास शब्द कोंबले की साइट वर येते असं सांगणारे लोक अजून आहेत आणि त्याचे पैसे पण घेतात. गुगलने सप्टेंबर 2009 मध्ये जाहीर सांगितलंय की रँकिंगसाठी, म्हणजे कोण वर कोण खाली हे ठरवायला, हा टॅग आम्ही बघतच नाही. कोणी तुम्हाला 'मेटा कीवर्ड सेटिंग' असं बिलात लावत असेल तर सरळ विचारा की बाबा हे कशाला.

मग कीवर्ड शोधायचे कुठे? सगळ्यात भारी जागा म्हणजे तुमचा स्वतःचा व्हॉट्सॲप. गेल्या काही महिन्यातल्या चौकशा उघडून बघा, लोक काय विचारतात: 'स्क्वेअर फुटाला रेट काय', 'भाड्याचं घर आहे, ड्रिल करावं लागतं का', 'डक्टला पण बसवता का', 'सोसायटी ट्रान्स्परंटच जाळी लावा म्हणते, मिळेल का'. हे सगळे कीवर्ड आहेत, आणि कुठल्या एजन्सीच्या एक्सेलमध्ये असे मिळणार नाहीत. त्यानंतर मोबाईलवर इन्कॉग्निटोमध्ये (म्हणजे ब्राउझरच्या खाजगी विंडोत) गुगल उघडून 'कबुतर जाळी' लिहून थांबा, खाली गुगल स्वतःहून जे शब्द सुचवतं (ऑटोकम्प्लीट) ते लिहून घ्या, मग तेच इंग्लिश अक्षरात करून बघा कारण आपली बरीच मंडळी मराठीच इंग्लिश अक्षरात टाइप करतात. गुगल ॲड्सचं (गुगलवर जाहिरात द्यायचं) अकाउंट असेल तर त्यातलं कीवर्ड प्लॅनर, म्हणजे कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणारं टूल, पण बघा, पण छोट्या धंद्याला त्यावाचून अडत नाही.

आता टायटल टॅग. गुगलच्या रिझल्टमध्ये जी ठळक ओळ दिसते ती बहुतेक वेळा इथूनच येते. बहुतेक साइटवर इथे नुसतं 'होम' नाहीतर कंपनीचं नाव असतं, आणि नाव कोणी शोधत नसतं कारण नाव कोणाला माहीतच नसतं. त्याऐवजी असं लिहा: 'कबुतर जाळी ठाणे, घोडबंदर रोड: बाल्कनी नेटचे रेट आणि फोटो'. कामाचा शब्द सुरुवातीला, मग एरिया, कंपनीचं नाव शेवटी जागा उरली तर, कारण लांब टायटल मोबाईलवर मधेच कापलं जातं. आणि एक, बोलताना आपण सगळे जीबी रोड म्हणतो पण टायटलमध्ये घोडबंदर रोड पूर्ण लिहा, दिल्लीत पण एक जीबी रोड आहे आणि तो कशासाठी प्रसिद्ध आहे ते मी इथे सांगत बसत नाही. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं पाहिजे. 'कबुतर जाळी, कबुतर नेट, पिजन जाळी, पिजन नेट' अशी माळ ओवू नका, तो गुगलच्या भाषेत स्पॅम होतो आणि वाचणाऱ्याला पण खटकतो. टायटल पटलं नाही तर गुगल स्वतःच बदलून दाखवतं, बऱ्याचदा पानावरची मोठी हेडिंग उचलतं, म्हणून हेडिंगमध्ये पण तेच साधे शब्द ठेवा.

आता मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाची थोडक्यात ओळख देणारा टॅग. त्याने रँकिंग वाढत नाही. तरी लिहा, कारण टायटलखाली जे दोन ओळीचं वाक्य दिसतं ते वाचूनच माणूस ठरवतो दाबायचं की नाही. 'ठाणे आणि नवी मुंबईत बाल्कनी, खिडकी, डक्टला कबुतर जाळी. मोजमाप फुकट, रेट स्क्वेअर फुटावर, रविवारी पण काम करतो.' बास. 'आम्ही ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध आहोत' वगैरे लिहून काही होत नाही. गुगल कधीकधी हे पण बाजूला ठेवून पानातलाच तुकडा दाखवतं, त्याला इलाज नाही, म्हणून पानातला मजकूर नीट असणं आलंच.

मजकुरात आपल्याकडे एक खास घोळ होतो. रेट कार्ड डिझायनरकडून बनवून इमेज म्हणून चिकटवलेलं असतं, दिसायला छान पण त्यातले शब्द गुगलला टाइप केलेल्या मजकुरासारखे मिळतात असं धरून चालू नका. रेट टाइप करून टाका आणि फोटोंना ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) द्या, म्हणजे कॅमेऱ्याने दिलेल्या 'आयएमजी आणि चार आकडे' अशा नावाऐवजी 'कोपरखैरणे, बाल्कनीला ट्रान्स्परंट नायलॉन जाळी'. तसंच डीटीपीवाल्याने जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दिला असेल तर स्क्रीनवर मराठी दिसेल पण गुगलला ती इंग्लिश अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्येच पाहिजे (मोबाईलवर मराठी टाइप करता ते युनिकोडच), आणि पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या वरच्या भागात, यूटीएफ-8 चा, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते सांगणारा मेटा टॅग आहे ना ते बघा. मराठी आणि इंग्लिश दोन्ही हवं असेल तर एकाच पानावर शेजारीशेजारी भाषांतर देऊ नका, दोन वेगळी पानं करा.

एरियाच्या पानांचं प्रकरण जरा लक्ष देऊन वाचा. कळवा, ऐरोली, घणसोली, नेरूळ, खारघर, कामोठे अशी तीस पानं, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं, असं पॅकेज बरेच एसईओवाले (साइट गुगलवर वर आणून देतो म्हणणारे) विकतात. नुसतं सर्चमध्ये दिसण्यासाठी केलेल्या अशा पानांना गुगल डोअरवे पेज म्हणतं आणि ते त्यांच्या स्पॅमच्या नियमात येतं. खारघरचं पान करायचंच असेल तर खारघरला केलेल्या कामाचे फोटो टाका, कितव्या मजल्यावर होतं, डक्टला जाळी लावताना काय अडचण आली, तिथली सोसायटी कुठल्या रंगाला परवानगी देते ते लिहा. असं चार एरियांचंच जमत असेल तर चारच पानं करा.

'निअर मी' वाल्या सर्चमध्ये नकाशा आणि त्याखाली धंद्यांची नावं येतात, ती गुगल बिझनेस प्रोफाइलमधून (गुगल मॅपवरची तुमच्या धंद्याची नोंद), मेटा टॅगमधून नाही. ते फुकट आहे, भरून टाका, पण धंद्याच्या नावात 'बेस्ट पिजन नेट ठाणे' असं घुसडू नका, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. पाटीवर जे नाव आहे तेच.

एवढं करूनही साइट अजिबातच दिसत नसेल तर रोबोट्सचा मेटा टॅग तपासा. साइट बनत असताना डेव्हलपर त्यात नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान सर्चमध्ये दाखवू नका' अशी सूचना, लावून ठेवतात आणि नंतर काढायचं राहून जातं. साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंगला जा, सर्च इंजिनला मनाई करणारी टिक तिथे असते, ती काढा.

मग सर्च कन्सोल, म्हणजे साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं टूल, जोडा, हे पण फुकट. साइट तुमचीच आहे हे दाखवायला तिथे एक मेटा टॅगच मिळू शकतो, तो हेडमध्ये टाकायचा आणि नंतर कचरा समजून काढायचा नाही, काढलात तर व्हेरिफिकेशन जातं. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये लोकांनी काय टाइप केल्यावर तुमचं पान दिसलं ते कळतं, 16 महिन्यांपर्यंत मागचं बघता येतं. एखाद्या शब्दाला इम्प्रेशन (किती वेळा दिसलं) भरपूर आणि क्लिक जवळजवळ नाही असं असेल तर आधी पोझिशन (रिझल्टमध्ये कितव्या नंबरवर) बघा: वरच्या पाच-सहात असूनही कोणी दाबत नसेल तर टायटल आणि डिस्क्रिप्शन बदला, दुसऱ्या पानावर लटकत असाल तर मजकूर वाढवा, त्या प्रश्नाचं उत्तर पानात नीट द्या. बदल केल्यावर सर्च कन्सोलमधल्याच यूआरएल इन्स्पेक्शनमधून इंडेक्सिंगची रिक्वेस्ट टाका, म्हणजे गुगलला पान परत तपासायला सांगा, आणि काही आठवडे हात लावू नका. रोज टायटल बदलणाऱ्याला कशामुळे फरक पडला तेच कळत नाही.