सासवड ते जेजुरी पायी : रस्ता कुणाकुणाला जमेल हे कसं तपासायचं

वारीचे दिवस जवळ आले की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, आईचे दोन्ही गुडघे बदललेत पण एक टप्पा तरी चालायचंय म्हणते, कुठला घेऊ? किंवा भाऊ व्हीलचेअरवर असतो, त्याला झेपेल का? आणि उत्तर काय मिळतं, तर "अरे आता मस्त रस्ता झालाय, काही प्रॉब्लेम नाही." हे सांगणारा बहुतेक वेळा गाडीतून गेलेला असतो. गाडीसाठी मस्त असलेला रस्ता पायी जाणाऱ्याला मस्त असेलच असं नाही आणि चाकाच्या खुर्चीवरून किंवा कुबड्या घेऊन जाणाऱ्याला तर अजिबातच नाही. म्हणून दोन गावांमधला पायी रस्ता नीट कसा तपासायचा ते सविस्तर लिहितोय, उदाहरण म्हणून सासवड-जेजुरी घेतलंय पण पद्धत कुठल्याही दोन गावांना लागू पडेल.

हाच टप्पा का, तर माउलींच्या पालखीचा हा साधारण १६ किलोमीटरचा मुक्काम ते मुक्काम टप्पा आहे. त्याच्या आधीचा पुणे-सासवड टप्पा जवळपास दुप्पट लांब आणि मध्ये दिवेघाटाची चढण, त्यामुळे ज्यांना पहिल्यांदाच प्रयत्न करायचाय त्यांनी तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सासवड-जेजुरीत तसा घाट नाही, मध्ये बोरावके मळा, यमाई शिवरी, साकुर्डे असे पालखीचे ठरलेले विसावे आहेत, म्हणजे रस्त्याचे तुकडे आयतेच पडतात.

सगळ्यात आधी ठरवा की तपासताय कुणासाठी. "अपंगांसाठी सोयीचा" असं काही एक नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच २१ प्रकार दिलेत आणि प्रत्येकाची अडचण वेगळी. व्हीलचेअरला एक पायरी म्हणजे रस्ता संपला, पण कुबड्यावाल्याला ती एक पायरी जमते आणि त्याला सैल खडी नको असते. दिसत नसलेल्याला चढ-उताराचं काही वाटत नाही पण रस्त्याची कड कुठे संपते ते कळायला हवं. आपल्याकडे गावाकडे हाताने पेडल मारायची तीनचाकी बरेच जण वापरतात, ती व्हीलचेअरपेक्षा लांब, वळायला जास्त जागा मागते. म्हणून त्या माणसाला आधी चार प्रश्न विचारा, न थांबता किती जाता, किती वेळाने बसावं लागतं, टॉयलेटला काय लागतं, आणि कशाची भीती वाटते. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा, खरी माहिती तिथेच मिळते.

मग घरबसल्या मॅप उघडा. गूगल अर्थच्या कॉम्प्युटरवरच्या व्हर्जनमध्ये रस्त्यावर रेघ मारली की चढ-उताराचा आलेख दिसतो, तो बघून मोठ्या चढणी कुठे आहेत ते टिपून घ्या. सॅटेलाइटवर फाटे, पूल, मोऱ्या, झाडांची सावली, वस्ती असं सगळं मार्क करा. पण यावर विसंबून राहू नका कारण आलेख सरासरी दाखवतो, आणि माणूस अडकतो तो सरासरीवर नाही तर एखाद्या दहा मीटरच्या तुकड्यावर. १६ किलोमीटरपैकी पावणेसोळा उत्तम असला आणि एका मोरीपाशी कडेची पट्टीच गायब झाली, तर व्हीलचेअरवाल्याला ट्रकच्या लेनमध्ये उतरावं लागतं. त्या दहा मीटरसाठी प्रत्यक्ष जायला लागतं, आणि चालत जायला लागतं.

सोबत पाच मीटरचा टेप, गवंडी वापरतात ती एक मीटरची लेव्हल, खडू, वही आणि पॉवर बँक एवढं पुरे. शक्य असेल तर ज्याच्यासाठी तपासताय त्याला किंवा तशीच अडचण असलेल्या कुणाला तरी एखाद्या तुकड्यावर सोबत न्याच, आपण दहा गोष्टी मोजतो आणि तो माणूस अकरावी दाखवतो. आणि स्वतः एकदा रिकामी व्हीलचेअर ढकलत शंभर मीटर जाऊन बघा, साईडपट्टीकडे बघायची नजरच बदलते.

आता चढ. लेव्हल जमिनीवर उताराच्या दिशेने ठेवा, खालच्या बाजूचं टोक उचला, बुडबुडा मध्ये आला की त्या टोकाखालचं अंतर मोजा. एक मीटरच्या लेव्हलला ५ सेंटीमीटर आले तर उतार १:२०, साधारण सव्वाआठ आले तर १:१२. फोनमध्ये अॅप आहेत, अंश दाखवतात, १:२० म्हणजे जवळपास ३ अंश आणि १:१२ म्हणजे पावणेपाच. १:२० पर्यंत हाताने खुर्ची चालवणारे बरेच जण जातात. १:१२ हा आकडा सगळीकडे ऐकायला मिळतो पण तो इमारतीच्या रॅम्पचा आहे, थोडे मीटर चढायचं मग सपाट जागेवर थांबायचं अशा हिशोबाचा, आणि बाजूला धरायला रेलिंग. रस्त्यावर दोनशे मीटर सलग तसा चढ असेल तर "१:१२ आहे म्हणजे चालतंय" असं कृपया लिहू नका, ते मागून ढकलायला दोघं असल्याशिवाय होत नाही. आणि उतारसुद्धा मोजा, गुडघे बदललेल्या माणसाला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, म्हणून सासवडहून जेजुरीकडे आणि जेजुरीहून सासवडकडे असे दोन्ही बाजूंनी वेगळे शेरे हवेत.

आडवा उतार बहुतेक लोक मोजतच नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दमवणारी गोष्ट तीच आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेकडे उतरता केलेला असतो, साईडपट्टी अजून जास्त. खुर्ची सतत त्या बाजूला ओढली जाते आणि माणूस एकाच हाताने जोर लावत राहतो, तासाभरात खांदा भरून येतो. लेव्हल आडवी ठेवून मोजा, मीटरला २ सेंटीमीटरपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की नोंद करा आणि किती लांब तसं आहे तेही लिहा.

पृष्ठभाग लिहिताना "खराब" असं लिहू नका, काय आहे ते लिहा. डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, मुरूम, सैल खडी, माती. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, खडीत ती रुततात आणि माणूस पुढे फेकला जाऊ शकतो. डांबराचे थरावर थर चढले की रस्ता आणि साईडपट्टी यांच्यात कडा तयार होते, ती टेपने मोजा, दोन सेंटीमीटरची कडासुद्धा लहान चाक अडवते. रुंदी मोजताना सगळ्यात अरुंद जागा मोजा, सरासरी नको. खांब, टपरी, उभी केलेली मोटरसायकल, दुकानाचा बोर्ड धरून मोकळी वाट किती उरते? ९० सेंटीमीटर हे किमान, त्यात एक खुर्ची जेमतेम जाते, आणि पूर्ण वळून माघारी फिरायला दीड मीटर लागतो. म्हणून अडथळा आला तर मागे वळायची जागा शेवटची कुठे होती हेही टिपा.

रस्ता ओलांडायची ठिकाणं सगळ्यात धोक्याची, इथे घाई करू नका. चारपदरी रस्त्याची एक बाजू म्हणजे दोन लेन, सात मीटर. वयस्कर माणूस सेकंदाला साधारण ८० सेंटीमीटर चालतो असं धरलं तर नऊ सेकंद लागतात. ८० च्या स्पीडने येणारी गाडी तेवढ्यात २०० मीटर पार करते. म्हणजे तुम्ही उभे आहात तिथून दोनशे मीटरच्या आतली गाडी वळणामुळे किंवा उंचवट्यामुळे दिसत नसेल तर ती जागा ओलांडायची नाही, हा सरळ हिशोब आहे. त्या माणसाचा खरा वेग घरासमोर सात मीटर आखून मोजून घ्या आणि स्वतःचा हिशोब करा. दुभाजकात थांबायला जागा आहे का, तिथे कर्ब (कडेचा उंच काठ) किती उंच, अंडरपास असेल तर आत पाणी आणि अंधार किती, हे सगळं फोटोसकट.

सावली आणि बसायची जागा. पुरंदर तालुका पर्जन्यछायेतला, पालखीच्या दिवसात ढग असले तर ठीक नाहीतर ऊन चांगलंच लागतं, आणि रस्ते रुंद करताना कडेची जुनी झाडं जातात. दर विसाव्याला सावली आहे का, दुपारी बारा वाजता आहे का, ते बघा. बसायचं म्हणजे ताडपत्रीवर नाही, गुडघे बदललेला माणूस जमिनीवर बसला तर उठू शकत नाही. साधारण ४५ सेंटीमीटर उंचीचं काहीतरी हवं, कट्टा, बाकडं, हॉटेलची खुर्ची, आणि उठताना धरायला हात असेल तर फारच छान. दोन बसायच्या जागांमधलं अंतर लिहा, हा आकडा वयस्कर लोकांना सगळ्यात उपयोगी पडतो. अंतर फार असेल तर सोबत फोल्डिंग खुर्ची घ्या.

टॉयलेटबद्दल मला थोडं जोरात बोलायचंय. यावर कोणी बोलत नाही म्हणून कितीतरी बायका पूर्ण दिवस पाणी प्यायचं टाळतात, आणि उन्हात चालताना पाणी न पिणं म्हणजे चक्कर येणं ठरलेलंच. "टॉयलेट आहे" एवढं लिहून उपयोग नाही. कुलूप असतं का आणि किल्ली कुणाकडे, पाणी येतं का, दारात पायरी किती उंच, दाराची रुंदी किती (व्हीलचेअरला निदान ८० सेंटीमीटर तरी हवी), कमोड आहे की इंडियन, धरायला दांडी आहे का, आत कडी बसते का, बाईला एकटीनं जायला सुरक्षित वाटेल का. पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, हॉटेल, शाळा सगळीकडे आत जाऊन बघा, विचारून जा, लोक दाखवतात. पुरुषांनी तपासणी केली तर बायकांचं टॉयलेट राहूनच जातं, त्यामुळे टीममध्ये एक तरी बाई असायलाच हवी.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बघताना डोक्याच्या उंचीवर बघा. पांढरी काठी जमिनीवरचं सांगते पण छातीच्या उंचीवर आलेली फांदी, ट्रकचं उघडं फाळकं, खाली लोंबणारा बॅनर ती सांगू शकत नाही. निदान २ मीटर १० सेंटीमीटर उंची मोकळी हवी. उघडे चेंबर, गटारावरची मोडलेली फरशी, पुलाचा तुटलेला कठडा हे सगळं मोठ्या अक्षरात नोंदवा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मागून येणारा हॉर्न कळत नाही, म्हणून त्यांनी समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं उजव्या बाजूनं चालायचं, मग उजव्या बाजूची पट्टी सलग आहे का ते वेगळं तपासा.

दोन्ही टोकं विसरू नका, गावातलं पहिलं आणि शेवटचं अर्धा किलोमीटर हायवेपेक्षा अवघड निघू शकतं. बाजार, हातगाड्या, स्पीडब्रेकर, लग्नाचा मांडव. सासवडला सोपानकाकांच्या समाधी मंदिरापासून निघणार असाल तर तिथून मुख्य रस्त्यापर्यंतचं अंतर धरून मोजा. आणि जेजुरीला टप्पा कुठे संपतो हे स्पष्ट लिहा. खंडोबाचा गड पायऱ्यांचा आहे. "जेजुरीपर्यंत सोयीचं" वाचून कुणीतरी आईला पायथ्याशी आणतो आणि मग वर कसं न्यायचं हा प्रश्न पडतो. पायथ्यापर्यंतचा शेरा वेगळा, गडाचा वेगळा.

वारीच्या दिवशी हाच रस्ता पूर्ण वेगळा असतो. गाड्या वळवलेल्या असतात, त्यामुळे ओलांडायचा धोका कमी होतो, मदतीला हजार हात असतात. पण गर्दीत खुर्चीवर बसलेल्याला पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, खड्डा तर नाहीच. शक्यतो पहाटे लवकर, पालखीच्या बरंच पुढे निघालेलं बरं. जेजुरीत सोमवती अमावस्येला आणि रविवारी गर्दी असते तेव्हाही वेगळं बघा. एकाच तपासणीवर वर्षभराचा शेरा देऊ नका.

लिहिताना "सोपा", "मध्यम", "अवघड" टाळा, कारण तुमचं सोपं दुसऱ्याचं नसतं. आकडा द्या, निर्णय त्याला घेऊ द्या. नमुना असा : "फाट्यापासून पुढे मोरी, डावीकडे साईडपट्टी १२ मीटर बंद, लेनमध्ये उतरावं लागतं, कडा ६ सेंटीमीटर, उजवीकडून वाट आहे रुंदी ११० सेंटीमीटर, सैल खडी, मागून एक माणूस हवा." फोटोत टेप किंवा काठी ठेवा म्हणजे माप कळतं, लोकेशन चालू ठेवा. प्रत्येक तुकड्याला एक "इथून बाहेर पडता येतं" अशी जागा लिहा, जिथे रिक्षा किंवा गाडी कडेला थांबू शकते. एसटी थांबते म्हणून निवांत राहू नका, तिची पहिली पायरीच बऱ्याच जणांना चढता येत नाही. आणि न दिसणाऱ्यांसाठी सगळी माहिती व्हॉइस नोटमध्येसुद्धा करा, पीडीएफमधला फोटो त्यांना वाचता येत नाही.

झालेल्या नोंदींची एक प्रत सासवड आणि जेजुरी नगरपरिषदेला त्यांच्या हद्दीतल्या भागाची द्या, हायवेचा भाग महामार्ग प्राधिकरणाला, दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे तिथे पण एक. अर्जात २०१६ च्या कायद्याचा उल्लेख करा, आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की सुगम्यतेचे नियम नुसते सल्लावजा ठेवून चालणार नाहीत, काही नियम बंधनकारक हवेत, तेही लिहा. एका अर्जात पन्नास तक्रारी घालू नका, सगळ्यात वाईट तीन जागा, मापं, फोटो, आणि काय केलं तर सुटेल ते. मोरीवरची बारा मीटरची पट्टी करून द्या असं नेमकं मागितलं की इंजिनिअरला काम समजतं.

वहीच्या पहिल्या ओळीत तारीख, वेळ आणि हवामान लिहा. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो, कामं चालू असली की आठवड्यात रस्ता बदलतो, म्हणून पालखीच्या आठवडाभर आधी निदान त्या तीन वाईट जागा परत जाऊन बघा आणि नवीन तारीख टाकून माहिती पुढे पाठवा.