टिळकवाडीच्या कट्ट्यावर एनबीए ट्रेडवर भांडायचं कसं

बेळगावात एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, बघणारे तसे मूठभरच, खरं जे आहेत ते कडक आहेत. त्यात दोन पार्ट्या. एक चाळिशी-पन्नाशीचे मामा लोक, ज्यांनी नव्वदच्या दशकात शिकागो बुल्सची लाल टोपी घातली ती मनातून अजून उतरवलेली नाही, आणि दुसरी कॉलेजची पोरं, ज्यांना लुका आणि टेटमच्या पलीकडचं काही बघायचंच नसतं. आरपीडी कॉलेजच्या बाजूला चहा घेताना ट्रेडचा, म्हणजे टीमनी आपसात प्लेअर बदलायचा, विषय निघाला की दोघांचे आवाज चढतात आणि हिशोब कुणीच मांडत नाही. भांडायचंच आहे तर नीट भांडा की, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम, आयपीएलचं ऑक्शन डोक्यातून काढून टाका. हार्दिकला 2023 ला मुंबईने पैसे मोजून गुजरातकडून घेतलं, तसं मोठ्या प्लेअरचं एनबीएत होत नाही. तिथं माणूस द्या, माणूस घ्या, नाहीतर पुढच्या ड्राफ्टचा पिक, म्हणजे नवीन पोरं निवडायचा नंबर, द्या असा मामला असतो. जवळचं उदाहरण पाहिजे तर 2025 च्या नोव्हेंबरात सॅमसन चेन्नईला आला आणि जडेजा-करन राजस्थानला गेले, ते आठवा.

दुसरं, ट्रेडची बातमी आली की नावं नंतर वाचा, आधी पगार वाचा. 2025-26 सीझनची कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, होती 15 कोटी 46 लाख डॉलर. ती ओलांडता येते, खरं जेवढं वर जाल तेवढे हातपाय बांधले जातात. कॅपच्या वर एप्रन नावाच्या आणखी दोन रेषा असतात. पहिल्या एप्रनच्या वर गेलेल्या टीमला जेवढा पगार पाठवला त्याच्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, आणि दुसरा एप्रन, जो त्या सीझनला 20 कोटी 78 लाखांवर होता, तो ओलांडला की दोन प्लेअरचे पगार एकत्र करून एक मोठा प्लेअर आणायची सोयच बंद. बॉस्टन सेल्टिक्सने 2024 ला अठरावं टायटल घेतलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात हॉलिडे पोर्टलंडला आणि पोर्झिंगिस अटलांटाला देऊन टाकला, तेव्हा पोरं म्हणाली "येड लागलंय काय गा ह्यांना", खरं तिकडे टेटमची टाच प्लेऑफमध्ये निकामी झालेली आणि बिल दुसऱ्या एप्रनच्या वर, अशा वेळी ती टीम प्लेअर विकत नव्हती, पगार उतरवत होती. हे कळलं की निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

आता मामा लोकांचा मुद्दा. ते लगेच 72-10 काढतात, म्हणजे 72 मॅच जिंकल्या, 10 हरल्या. 1995-96 चा बुल्सचा रेकॉर्ड, मग सहा टायटल्स, 91 ते 93 आणि 96 ते 98, मग "आता आहे काय गा तसला कोण?" इथे पोरं जी चूक करतात ती म्हणजे जॉर्डनला नावं ठेवायला लागतात. कशाला? त्याने काही सिद्ध होत नाही आणि मामा चहाचे पैसे द्यायचे ते पण देत नाहीत. त्यापेक्षा जॉर्डनचा जोडीदार पिपेन घ्या आणि शांतपणे विचारा, "मामा, पिपेनला पगार किती होता सांगा की." 1997-98 ला लीगची कॅप होती 2 कोटी 69 लाख आणि एकट्या जॉर्डनचा पगार 3 कोटी 31 लाख! म्हणजे एका माणसाचा पगार अख्ख्या टीमच्या कॅपपेक्षा जास्त. बसलं कसं? एक तर लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा नियम, आपलाच प्लेअर परत ठेवायचा असला तर कॅपच्या वर जाता येतं. आणि दुसरं, पिपेनने 1991 ला लांबलचक स्वस्त कॉन्ट्रॅक्ट सही केलेलं, त्यामुळे त्या वर्षी त्याला जेमतेम 28 लाख मिळत होते, लीगमधल्या पहिल्या शंभरातसुद्धा तो पगाराने नव्हता. ती टीम देवाने पाठवली नव्हती हो, कॉन्ट्रॅक्टवर उभी होती.

आणि आता ट्रेडवर या. माझ्या मते ट्रेड समजून घ्यायची बेस्ट पद्धत म्हणजे त्याची वंशावळ काढायची, कोणाच्या बदल्यात कोण आला आणि त्याच्या बदल्यात पुढे कोण. एक कागद घ्या. 1988 ला बुल्सने चार्ल्स ओकली न्यूयॉर्कला दिला आणि सेंटर बिल कार्टराइट घेतला. ओकली जॉर्डनचा दोस्त, त्यामुळे जॉर्डन भयंकर भडकला. त्या दिवशी कट्टा असता तर सगळ्यांनी जनरल मॅनेजर जेरी क्रॉसला शिव्याच घातल्या असत्या. खरं त्याच ट्रेडमध्ये पिकांची पण अदलाबदल झालेली, आणि न्यूयॉर्ककडून आलेल्या अकराव्या नंबरवर बुल्सने विल पर्ड्यू नावाचा उंच सेंटर उचलला. पर्ड्यू काही स्टार नव्हे, बेंचवरचा माणूस. तोच पर्ड्यू 1995 ला सॅन अँटोनिओला देऊन बुल्सने आणला डेनिस रॉडमन! बघा आता, ओकलीच्या एका ट्रेडमधून पहिल्या तीन टायटल्सचा सेंटर आला आणि त्याच फांदीवरून पुढच्या तीन टायटल्सचा रिबाउंडर. पर्ड्यूचं पण वाईट झालं नाही, त्याने 1999 ला सॅन अँटोनिओकडून आणखी एक टायटल घेतलं. आणि पिपेन? तो तर 1987 ला सिएटलने उचलला होता, त्याच दिवशी ट्रेड करून बुल्सने घेतला.

हाच कागद उलटा करून बुल्सचं मागच्या काही वर्षांचं लिहा, मामांना पण रडू येईल. 2017 ला जिमी बटलर मिनेसोटाला गेला आणि बदल्यात झॅक लॅव्हिन, क्रिस डन आणि सातवा पिक, म्हणजे मार्कनेन आला. मार्कनेन 2021 ला क्लीव्हलँडला दिला आणि तो पुढे युटाला जाऊन ऑलस्टार झाला. लॅव्हिनला 2022 ला पाच वर्षांचे साडेएकवीस कोटी डॉलर दिले आणि 2025 च्या फेब्रुवारीत तो सॅक्रामेंटोला, त्यातून मुख्य काय मिळालं तर स्वतःचाच फर्स्ट राउंड पिक, जो आधी डेरोझनसाठी सॅन अँटोनिओला देऊन बसलेले. 1998 नंतर ही टीम एकदाही फायनलला गेलेली नाही, ती का गेली नाही ते ह्या कागदावर दिसतं.

पिकाचं नीट समजून घ्या, इथं सगळ्यात जास्त गंडतात लोक. "फर्स्ट राउंड पिक दिला" एवढं वाचून ओरडू नका, त्याला प्रोटेक्शन काय आहे ते बघा. बुल्सच्या वर सांगितलेल्या पिकाला टॉप-10 प्रोटेक्शन होतं, म्हणजे पहिल्या दहात आला तर बुल्सकडे राहणार, अकरावा किंवा खाली असला तर जाणार. आला बारावा. म्हणजे परत घेतला नसता तर गेलाच असता. उलट 2021 ला वुचेविचसाठी ओरलँडोला दिलेल्या पिकावर फक्त टॉप-4 प्रोटेक्शन, तो निघाला आठवा आणि ओरलँडोने त्यावर फ्रान्झ वॅगनर उचलला. लागोपाठ दोन वर्षांचे पुढचे फर्स्ट राउंड पिक मात्र देता येत नाहीत, क्लीव्हलँडच्या टेड स्टेपियन नावाच्या मालकाने ऐंशीच्या दशकात पिकं वाटून टाकली म्हणून हा नियम आला.

ट्रेड झाल्या झाल्या कोण जिंकलं ते सांगू नका, निदान एक ड्राफ्ट होऊ दे. लुका डॉन्सिच लेकर्सला गेला तेव्हा डॅलसला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 चा पिक मिळाला, सगळ्या जगाने डॅलसची अक्कल काढली, बरोबरच काढली. मग त्यांना ड्राफ्टचे पहिले नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत 1.8 टक्के चान्स असताना पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला! नशीब वेगळं आणि निर्णय वेगळा, भांडताना ह्या दोन्हीची खिचडी करू नका.

बातमी कुठून आली ते पण बघा. लुकाची बातमी आपल्याकडे रविवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास आली, तेव्हा ती देणाऱ्या पत्रकाराचं, शॅम्स चारानियाचं अकाउंट हॅक झालंय असंच बऱ्याच लोकांना वाटलेलं, इतकं खोट्या अकाउंटचं पीक आलंय. नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे असतं, नीट वाचा, दुसरीकडे कुठे आलंय का बघा आणि मगच ग्रुपवर टाका.

ट्रेडची डेडलाइन फेब्रुवारीत असते, तिथले दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. थंडीत जागायची गरज नाही, शेवटच्या मिनिटाचे ट्रेड वेळ संपल्यावर पण बाहेर येत राहतात. सकाळी सहाला मॅच लावा, खाली पट्टीवर सगळी यादी फिरत असते, कागद-पेन घेऊन बसा आणि मग सावकाश कट्ट्यावर या.