तुडतुडा कोणत्या प्रजातीचा, हे कसे ओळखावे?

तुडतुडा समोर आला की नजर आधी रंगावर जाते आणि ओळख तिथेच चुकते. एकाच जातीत फिके-गडद, लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे सगळे आढळतात. वर्गीकरण करायचे तर पाय पाहायला शिकावे. क्रम उतरता असतो: महाकुलात कुले, कुलात प्रजाती (genus), प्रजातीत जाती (species). नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली घ्या.

१. महाकुल
आपण तुडतुडे म्हणतो ते सगळे एका घराण्याचे नाहीत. मिशा डोळ्यांच्या खाली असतील, मिशीचे दुसरे पेर फुगीर असेल आणि पुढच्या पंखाच्या मुळाशी छोटा खवला असेल, तर कीटक फुल्गोरॉइडी महाकुलातला. मिशा केसासारख्या आणि मागच्या नडगीवर काट्यांच्या लांब रांगा असतील, तर तो सिकाडेलिडी कुलातला, इथेच थांबा.

२. कुल
मागच्या नडगीच्या टोकाशी हलणारा मोठा काटा शोधा. तो दिसला की कुल डेल्फॅसिडी. इतकी खात्रीची खूण कीटकांच्या वर्गीकरणात क्वचितच मिळते. मात्र या कुलात दोन हजारांहून अधिक जाती आहेत, त्यामुळे खरे काम इथून पुढे.

३. प्रजाती
भातावरचा तपकिरी तुडतुडा ज्या निलापर्वता प्रजातीत मोडतो, तिची खूण मागच्या पावलाच्या पहिल्या पेरावर असते: पेराच्या टोकाला नव्हे, बाजूला एक किंवा अधिक बारीक काटे. पाय आडवा करून, प्रकाश तिरका पाडून पाहा. दोन्ही पाय तपासा, कारण काटा मोडलेलाही असू शकतो.

४. जाती
यासाठी नरच हवा. पोटाचे टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या कोमट द्रावणात मऊ होऊ द्या (हातमोजे घालूनच), पाण्याने धुवा आणि ग्लिसरीनमध्ये पाहा. निलापर्वता प्रजातीतल्या लुजेन्स (हाच भातावरचा तपकिरी तुडतुडा), बेकेरी आणि मुइरी या जाती वरून सारख्याच दिसतात; नराच्या जननांगातील जोडअवयवांचा आकार त्यांना वेगळे करतो. हा खटाटोप टाळू नये. बेकेरी आणि मुइरी मुख्यतः लीरशिया गवतावर जगतात. त्यांना लुजेन्स समजून मोजले, तर भातावरच्या किडीचा अंदाजच चुकतो.

५. नाव
नाव असे लिहा: निलापर्वता लुजेन्स (स्टाल, १८५४). कंस गाळू नका. स्टाल या कीटकशास्त्रज्ञाने ही जाती आधी डेल्फॅक्स प्रजातीत वर्णिली होती, पुढे ती हलवली गेली, हे तो कंस सांगतो. निलापर्वता प्रजाती डिस्टंट या कीटकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ग्रीनी या जातीवर उभी केली. ती ग्रीनी म्हणजे लुजेन्सच, हे नंतर लक्षात आले. म्हणून जुने नाव भेटले की ते आज कोणत्या नावात विलीन आहे, हे आधी तपासा.

चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि कीटक ज्या झाडावर मिळाला त्याचे नाव लिहा. कापलेला भाग छोट्या कुपीत घालून त्याच नमुन्यासोबत ठेवा.