आईचा अंगठा आणि मलमलीचे पाच पडदे

दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी करून आईच्या बोटांच्या रेघा पार झिजल्यात. रेशनच्या मशीनवर तिचा थम लागत नाही. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नाशिक विभागातल्या टेंभलीत दिलं गेलं. आईकडेही ते बारा आकडे आहेत, पण बोट टेकवलं की मशीन तिला ओळखत नाही. माझं पहिलं मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) यातूनच आलं: आईच्या अंगठ्याचा ठसा प्रोजेक्टरने एकामागे एक टांगलेल्या पडद्यांवर पाडायचा.

सुरुवातीला मी धुरकट अ‍ॅक्रिलिकवर पैसे घालवले. प्रकाश पहिल्याच शीटवर अडला, चित्राला खोली आलीच नाही. म्हणून सांगते, आधी अर्धा-अर्धा मीटर तुकडे आणा आणि अंधारात प्रोजेक्टर लावून बघा. मच्छरदाणीच्या कापडातून बहुतेक प्रकाश निसटतो, शिवाय जाळी आणि पिक्सेल एकमेकांत अडकून लाटा दिसतात. बटर पेपर सुरेख उजळतो, पण पावसाळ्यात सादळतो. मेन रोडवरून आणलेली पातळ मलमलच शेवटी कामाला आली. ती थोडा प्रकाश धरते, उरलेला पुढे सोडते.

दोन-दोन फुटांवर पाच पडदे टांगले. थ्रो रेशो, म्हणजे प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी, दीड असेल तर तीन मीटरवर चित्र दोन मीटर रुंद येतं. अंतर दुप्पट केलं की रुंदी चार मीटर, उजेड मात्र चौथाई. फोकसही एकाच पडद्यावर बसतो. मी तो तिसऱ्यावर ठेवला. अलीकडे-पलीकडे आईच्या रेघा धुक्यात विरत गेल्या. भिंग थेट डोळ्यांत चमकत होतं, म्हणून प्रोजेक्टर उंच चढवून खाली कलवला.

व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला यांचं १९९५चं मांडणशिल्प ‘द व्हेलिंग’ जरूर अभ्यासा: नऊ समांतर पडदे, दोन टोकांना दोन प्रोजेक्टर, आणि मधल्या पडद्यावर एकमेकांत मिसळणारे पुरुष आणि स्त्री. पण त्याआधी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघा. दिवा, कापड आणि सावली यांचं नातं मला तिथे जास्त कळलं.

एक गोष्ट मात्र टाळू नका. खरा ठसा मोठा करून लावला, तर कुणीही त्याचा फोटो काढू शकतं, आणि पासवर्डसारखं बोट बदलता येत नाही. आईला विचारूनच ठसा घेतला, तरी तो उलटा केला, मधल्या काही रेघा नव्याने काढल्या. प्रदर्शनात आई तिसऱ्या पडद्यासमोर बराच वेळ उभी होती. मी काय बदललं ते सांगितल्यावर म्हणाली, “मग हा माझा अंगठा कसा गं?”

सध्या त्याच प्रश्नावर पुढचं काम करतेय.