हाताने उथळ बोअर मारताना

आधी जमीन बघा. दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा निपाणी-चिकोडीकडचा गाळ गिरमिटाने (हाताने फिरवून माती काढायच्या लांब दांड्याच्या अवजाराने) सुटतो. खानापूरकडच्या जांभ्यात किंवा कातळावर नाद सोडा, तिथे मशीनच लागतं. खोदाई एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यात लागलेलं पाणी उन्हाळ्यात टिकेलच असं नाही. शौचाच्या खड्ड्यापासून किमान १५ मीटर लांब राहा.

७ इंची गिरमिटाने पाणी लागेपर्यंत उतरा. खरी गंमत पुढे आहे: ओली वाळू ढासळते आणि जेवढी काढावी तेवढी परत भरते. म्हणून १६० मिलिमीटरचा पाइप भोकात सोडा, आतली वाळू झडपेच्या बादलीने (तळाला झडप असलेल्या अरुंद नळकांड्याने) उपसा. पाइप आपोआप खाली सरकतो. अडला तर गोल फिरवून दाबा. पाण्याखाली निदान ३ मीटर जा.

आत ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मधोमध उभा करा. तळाला टोपण, खालच्या २ मीटरला करवतीच्या १ मिलिमीटर चिरा. भोवती २ ते ४ मिलिमीटरची धुतलेली खडी ओतत बाहेरचा पाइप फूटफूट वर ओढा. घाई केली तर खडी अडकून दोन्ही पाइप एकदम वर येतात. वरचे २-३ मीटर चिकणमाती आणि सिमेंटने बंद करा, नाहीतर उसातलं खताचं पाणी थेट आत उतरेल.

पाणी नितळ येईपर्यंत उपसा. जमिनीवर ठेवलेला पंप ७ मीटरखालचं पाणी ओढत नाही; खोल असेल तर सबमर्सिबल घ्या. तोंडाला स्क्रूचं झाकण हवंच.